पिल्लं सोडून द्यायचा खेळ

पुणे,
११ फेब्रुवारी २००६

प्रिय भाग्या,

सलाम. तू बरी असशील, घरी तुझे बाबा मनसारामभाऊ आणि माय गिरजाबाईही बरे असतील. भाऊंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं अम्मी फोनवर सांगत होती. डॉक्टरांनी दीड महिना डोंग्यात बसून तलावात जाऊ नका म्हणून सांगितलंय म्हणे. ते किती ऐकतात ते तूच जाणे. तू आपल्या सावली गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतेस हेही अम्मीकडूनच कळलं. म्हणून पत्र क्लासच्या पत्त्यावर टाकते आहे.

चार वर्षांनी लिहिते आहे. तीनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला.

माझं ठीक चाललंय. कोंढव्यात दोन मुलींबरोबर खोली घेतली आहे. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आम्ही बारा जण मिळून मोबाईलसाठी खेळ बनवतो. आगपेटीएवढा पडदा असतो, त्यात सगळं जग बसवायचं. आतापर्यंत एक क्रिकेटचा, एक गाड्यांचा आणि दोन फुगे फोडायचे खेळ केले. इथली थंडी आता संपली. आपल्याकडे मोहाची फुलं अजून पडायची असतील.

तुला एक कामाची गोष्ट विचारायची आहे. आपण अब्बांच्या दुकानात केलेला तलावाचा खेळ आता मोबाईलवर येतो आहे. सहा महिने त्यावर काम चाललंय. रंग छान झालेत, जाळं पाण्यावर पडलं की फोन थरथरतो, मासा सापडला की आकडे उडतात. मिनिटाभराचं घड्याळ आहे. मासे भरपूर आहेत, एक पकडला की लगेच दुसरा येतो. पाटसकर सरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, कॉलेजची दहा मुलं बोलावून त्यांच्या हातात फोन दिले. मुलं दोन मिनिटं खेळली, "मस्त आहे" म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवून आपसात बोलायला लागली. परत एकानंही उचलला नाही. खेळ आवडला नाही म्हणून कोणी शिव्या दिल्या असत्या तरी मला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी माझ्या कॉम्प्युटरवर आपला जुना खेळ काढला. आमचे वॉचमन हरिदासभाऊ आपल्याकडचेच, गोंडपिपरीचे आहेत. ते सही घ्यायला आले आणि मागे उभे राहिले. मी खुर्ची दिली. त्यांना माऊस धरता येत नाही, पण आपला खेळ एका बटणावर चालतो. ते पाऊण तास खेळले. खाली कोणीतरी गेटवर हॉर्न वाजवत होतं, तरी उठले नाहीत. मग मी त्यांना नवा खेळ दिला. थोडा वेळ बटणं दाबली आणि म्हणाले, "बाई, याच्यात मरळीचे पिल्लं कुठी गेले? त्याले सोडता येत नाई काय?"

मी म्हटलं, "नाई, काढून टाकले."

"काऊन?"

मी नवा खेळ बंद करून त्यांना पुन्हा जुना लावून दिला.

तुला आठवतं ना ते कसं झालं होतं? डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. गडचिरोलीहून दुपारची एसटी पकडून आपण सावलीला यायचो आणि थेट अब्बांच्या दुकानात शिरायचो. उघडलेल्या टीव्हींच्या मधोमध तो कॉम्प्युटर होता, चार बिघडलेल्यांतून अब्बांनी एक उभा केलेला. मी जाळं बनवलं होतं, मासे पळवले होते, आकडे मोजले होते. मला वाटलं झालं. तू म्हणालीस, "चालून तर राह्यलं, पण मजा नाई." मला राग आला होता.

मग मनसारामभाऊ तुला घ्यायला आले. अब्बांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मी त्यांचं बोट बटणावर ठेवलं. ते बसूनच राहिले.

"भाऊ, दाबा ना."

"कुठी दाबू? पाणी काईच सांगून नाई राह्यलं."

तू त्याच संध्याकाळी पाण्यावर बुडबुडे आणलेस. बारीक बुडबुडे म्हणजे लहान मासे, एकच मोठा आणि सावकाश आला तर मरळ श्वास घ्यायला वर येते आहे. एवढंच केलंस आणि खेळ बदलला. आधी आपण नुसतं बटण दाबत होतो, आता पाण्याकडे पाहत बसायचो. मासा सुटला तर आपलं चुकलं असं वाटायचं, आणि चूक कुठे झाली तेही कळायचं. म्हणून पुन्हा बसावंसं वाटायचं.

नंतर तू मरळीच्या पिल्लांचा तांबडा थवा आणलास. थव्याखाली मोठी मरळ राखण करते, तिला धरलं की सगळ्यात जास्त गुण. मात्र पुढच्या हंगामात तलाव अर्धा रिकामा. मी दोन दिवस भांडले. म्हटलं, खेळणाऱ्याला शिक्षा केल्यासारखं वाटेल. तू म्हणालीस, "शिक्षा नाई ते. आपण काय केलं ते त्याले दिसलं पायजे, बस." अब्बांनी चार वेळा मरळ मारली आणि चार वेळा तलाव ओस पडला. पाचव्यांदा त्यांनी थवा जाऊ दिला. पुढच्या हंगामात पाणी बुडबुड्यांनी भरलं तेव्हा त्यांनी जाळं टाकलंच नाही, नुसते पाहत बसले. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

हे सगळं तुझं होतं, भाग्या. मी बटणं आणि आकडे केले होते.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. मुलाखतीत मला विचारलं, ही पिल्लांची कल्पना कोणाची? मी म्हटलं, माझी. त्या एका उत्तरावर मला नोकरी मिळाली. पाटसकर सर अजून सगळ्यांना ते सांगतात.

गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी मला सर्वांसमोर विचारलं, "जुना खेळ लोक सोडत नाहीत आणि नवा का सोडतात? तूच केलास, तूच सांग." मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला माहीत नाही सर, कारण तो मी केला नाही. भाग्यश्री नावाच्या माझ्या मैत्रिणीनं केला आणि तिच्या वडिलांनी सुचवला." सरांनी नंतर मला बोलावलं. रागावले, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, तिला विचार, ती मुलाखतीला येईल का. मी त्यांना लेखी दिलं आहे की तुझा होकार आल्याशिवाय हा खेळ बाहेर जाऊ नये. त्यांनी मार्च अखेरपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं. माझ्या नोकरीचं काय ते अजून ठरलेलं नाही.

इथे पत्र संपवलं असतं तर तू कदाचित मला माफ केलं असतंस. म्हणून पुढचंही लिहिते.

मुलाखतीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं, कारण आपण दोघींनी खेळाबरोबर पाठवलेल्या अर्जावर तोच पत्ता होता. पाकीट एक होतं. आत कागद दोन होते, भाग्या. एक तुझ्या नावाचा. मी तुला सांगितलं की एकीलाच बोलावलंय.

त्या आठवड्यात राजुऱ्याच्या लोकांनी मला पाहून पसंत केलं होतं. अब्बा नाही म्हणणारे नव्हते, अम्मी पेटीतून लग्नाचे कपडे काढून ठेवायला लागली होती. नोकरी लागली तरच मला थांबता येणार होतं. आणि दोघी गेलो असतो तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळलं असतं की दोघींत कोण काय आहे. तुझा कागद मी वैनगंगेच्या पुलावर एसटीच्या खिडकीतून सोडून दिला. तू मला बसवून द्यायला गडचिरोलीच्या स्टँडवर आली होतीस. डब्यात सुक्या झिंग्यांची चटणी दिली होतीस.

माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी तुला त्यांचा काही उपयोग नाही. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. खेळाला नाही म्हणालीस तर तेही बरोबरच असेल.

घरी सर्वांना सलाम सांगावा असं वाटतं. तू सांगशील की नाही ते माहीत नाही.

नाजिया


सावली,
२७ फेब्रुवारी २००६

नाजिया,

पत्र मिळालं. क्लासमध्येच वाचलं, दोनदा. तेवढ्यात तीनची बॅच आली. फोल्डर कसं बनवायचं ते शिकवायचं होतं, ते शिकवलं. एका मुलीच्या हातून फाइल पुसली गेली तर तिच्यावर ओरडले. तिची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला तसं सांगितलं.

बाबाच्या डोळ्याचं विचारलं होतंस. डोळा बरा आहे. डोंग्यात बसत नाही, पण सकाळी काठावर जाऊन बसतो आणि दुसऱ्यांना जाळं कुठी टाकायचं ते सांगतो. त्यानं ते लोक वैतागले आहेत.

आठ दिवस मी घरी कोणाला काही सांगितलं नाही. मग बाबाला सांगितलं. त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मले वाटे, तुले बोलावलं नाई म्हणून तू खचली. म्हणजे बोलावलं होतं तुले." एवढं बोलून तो उठून बाहेर गेला. माय तुला जे बोलली ते मी लिहीत नाही.

नाजिया, नोकरी गेली याचं मला तेवढं नाही. चार वर्षं मी असं समजत होते की माझं काम त्या लोकांनी पाहिलं आणि ते कमी पडलं. त्यानंतर मी एकही खेळ केला नाही. क्लासमध्ये मुलं विचारतात, मॅडम, गेम कसा बनवतात, तर मी म्हणते, ते आपलं काम नाही. हे मी कितीतरी मुलांना सांगितलं.

राजुऱ्याचं तू मला तेव्हाच सांगायचं होतंस. मीच म्हटलं असतं, तू जा. हे रागानं लिहीत नाही असं लिहिणार होते, पण रागानंच लिहिते आहे.

आता तुझ्या कामाचं. तुमच्या खेळात मासे संपतच नाहीत, मग कोणी पाण्याकडे काऊन पाहील? घड्याळ पहिले काढा. घाई असली की माणूस नुसता बोटं चालवतो, त्याला काही ठरवता येत नाही. फोन थरथरतो ते जाळं पडल्यावर नको, जाळं जड झाल्यावर पाहिजे, म्हणजे ओढावं की सोडावं हा विचार हातातच सुरू होईल. हरल्यावर आवाज नको. रिकामा तलाव दाखवा आणि थोडं थांबा. तो स्वतःच समजेल आणि पुन्हा खेळेल, कारण या वेळी वेगळं करून पाहावंसं वाटेल. हरिदासभाऊंना तेच वाटलं असेल.

एक अडचण आहे ती तुला दिसली नसेल. आगपेटीएवढ्या पडद्यावर तांबडा थवा दिसणार नाही, म्हणून तर तुम्ही काढून टाकला असेल. मी आलेखाच्या वहीवर तेवढेच चौकोन पाडून पाहिले. रंगानं होत नाही. बारीक पाऊस पडल्यावर पाणी जसं शहारतं तसं एका जागी शहारलं पाहिजे, आणि ती जागा हळूहळू सरकली पाहिजे. अशी बारा चित्रं काढली, पानं एकामागून एक सोडली आणि बाबाला दाखवली. त्याच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "पिल्लं हायेत. जाऊ दे त्याईले." तर ते जमतं. चित्रं सोबत जोडली आहेत, हरवू नकोस.

ती बारा चित्रं काढताना संध्याकाळ कशी गेली ते मला कळलं नाही. असं चार वर्षांत झालं नव्हतं. म्हणून तुझ्या पत्राला उत्तर देते आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

खेळ बाहेर जाऊ दे. माझा होकार आहे. दोन नावं येतील, माझं आणि बाबाचं, आणि त्याखाली तुझं. बटणं आणि आकडे तू केले होते, ते मी नाकारत नाही.

तुझ्या सरांना सांग, मी वीस मार्चला येते आहे. मुलाखतीचं पत्र माझ्या नावानं, घरच्या पत्त्यावर पाठवायला सांग. बाबा सोबत येईल, त्याला त्यांच्या मोबाईलमधलं पाणी पाहायचं आहे. उतरायची सोय आमची आम्ही करू. स्टेशनवर येऊ नकोस. ऑफिसमध्ये भेटू, टेबलाशी बसू, खेळाचं बोलू. तेवढं मला जमेल. बाकीचं कधी जमेल ते आज सांगता येत नाही, आणि जमेल असं खोटं लिहिणार नाही.

तुझे अब्बा परवा क्लासवर आले होते. तू त्यांना फोनवर सगळं सांगितलंस असं म्हणाले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. मी खुर्ची बाहेर नेली, चहा मागवला. तो पिऊन गेले.

खेळात माझं नाव खाली लिहिते आहे तसंच लिहायचं, पूर्ण. ऱ्हस्व-दीर्घ पाहून घे.

भाग्यश्री मनसाराम शेंडे