बाबांच्या गणवेशाचा कोट

४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं. पहिल्या ओळीत माझ्या गुडघ्यांची चौकशी, उरलेलं सगळं तुझ्याबद्दल. बस चालवताना बाबा घालायचे तो जुना गणवेश उसवून तू स्वतःला कोट शिवलास, कोपराशी विरलेलं कापड झाकायचं सोडून मुद्दाम छातीवर लावलंस आणि तो घालून इंटरनेटवरच्या व्हिडिओत झळकलीस. तेव्हापासून बाबा तुझ्याशी बोलत नाहीत. ज्याची इस्त्री जन्मभर मोडू दिली नाही, त्याच्या चिंध्या पोरीने जगाला दाखवल्या आणि जग हसतंय, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून जग हसतंय का, ते चष्मा लावून पाहिलं. चारदोन टवाळ होते. ते वेदकाळीही असणार. कोटाकडे मात्र, बाई, बघत राहिलो. सूत्रात अर्धी मात्रा वाचवता आली की वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. तुझ्या कोटात एक टाका जास्तीचा नाही, तेव्हा मला भाची झाल्याचा आनंद पुन्हा एकदा झाला.

एक गोष्ट सांगायला हवी. कॉमेंटच्या चौकटीत चार शब्द लिहायचे असतात हे ठाऊक नव्हतं. मी रीतसर पत्रच लिहिलं, मायन्यापासून सहीपर्यंत. हा गणवेश घालून तुझ्या बाबांनी भर पावसात किती पोरं शाळेत वेळेवर पोचवली, तेही लिहिलं. लाज वाटत असेल तर पुसून टाक.

लोभाची चिंता नको, तो उतू जातो आहे.

मामा


१५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पुसू कशी? मामा, तू ट्रेंड झालायस!

आधी मैत्रिणींनी विचारलं, हे पुरातन कोण. मग एका मुलीने तुझ्या पत्राखालीच तसंच पत्र लिहिलं, स्वतःच्या आईला. नर्स असलेल्या आईच्या जुन्या एप्रनचा तिने स्कर्ट केलाय. मग एका वेल्डरच्या मुलाने बाबांच्या जॅकेटची पिशवी दाखवली. आता रोज कुणीतरी आईबापाच्या कामाचे कपडे घालून उभं राहतं आणि खाली मायन्यासकट पत्र. आयुष्यात पाकीट न चिकटवलेली पोरं ‘सा. न. वि. वि.’ लिहितात आणि त्याचा अर्थ एकमेकांना विचारतात.

पण बाबा गप्पच. त्यांच्यापुढे फोन ठेवला, तर तो पालथा करून पेपर वाचत बसले. मामा, बाबांपेक्षा कोट मोठा नाही. रविवारपर्यंत बघते, नाहीतर व्हिडिओ काढून टाकते. आई म्हणते, तुझ्या मामालाच विचार, आग त्यानेच लावलीय.

मामीला नमस्कार. माया आहे तेवढीच असू दे, सल्ला मात्र जास्त पाठव.

तुझी,
ठमी


१९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काढू नकोस.

काल दाजींचा फोन आला. ते आपणहून फोन करतात तो कुणी गेलं तरच, म्हणून मी आधी खुर्ची धरली. हवापाणी झालं, गुडघे झाले. मग हळूच विचारलं, अनोळखी पोरांना लिहिताना नमस्कार लिहावा की आशीर्वाद. कुठल्या पोरांना, म्हटलं, तर म्हणाले, आहेत काही.

तू कामावर गेलीस की तुझ्या आईच्या फोनवर ते ती सगळी पत्रं वाचतात. वेल्डरच्या मुलाचं तर त्यांना पाठच झालंय. म्हणाले, यात हसणारं कुणी सापडत नाही. आणि वर बजावलं, “पोरीला यातलं काही सांगू नकोस. मी सांगेन.”

मामाच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आशीर्वाद लिहा, असं मी सांगितलं. आज पहाटे त्यांचं उत्तर त्या वेल्डरच्या मुलाच्या पत्राखाली दिसलं, गर्दीत तुझ्या नजरेतून निसटेल म्हणून उतरवून देतो: ‘चि. मुला, अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. मीही गणवेशातला माणूस. हा कोट माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने शिवला आहे.’

खाली सही मात्र मला न विचारता ठोकली आहे: कोटवालीचे बाबा.

तेव्हा लोभ, अभिमान, सगळं आहेच. वेगळं काय मागू?

तुझा,
कोटवालीचा मामा