चांदीचं पाणी

३ मार्च
आजही पाणी पिवळसर उतरलं. दोन चांदीच्या तारा, डिस्टिल्ड पाण्याचा पेला, तीन बॅटऱ्या. उभा जन्म चमचे-ताटल्यांवर चांदीचा मुलामा चढवला. आता वर्ष होत आलं, तीच चांदी पाण्यात सोडतोय — बायकोच्या छातीसाठी. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, पिवळं म्हणजे कण झाले. नितळ असेल तर नुसती विरघळलेली. दोन्ही चालतं." त्याचं काय जातंय सांगायला!
ती मात्र अर्धा पेला हसत प्यायली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला मळमळतं, याने नाही. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

९ मार्च
खोकला तसाच.

१७ मार्च
आज पाणी नितळ उतरलं, त्यात मिठाची कणी टाकून पाहिली. क्षणात दुधासारखं पांढरं! विरघळलेली चांदी मिठाने धरली, संपलं. मग पोटात काय होत असेल? तिथे मिठाचा काय दुष्काळ आहे? दुकानात हे शंभरदा पाहिलंय, घरी मात्र अक्कल गहाण.
"आज जरा बरं वाटतंय," ती म्हणाली. मी पेला भरून दिला.

२२ मार्च
लेक आली. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, हिची नखं अशी करडी का दिसतायत?" मी रोज बघतो, मला दिसली नाहीत! माझ्या बोटांवरही कामाचे डाग पडतात, उन्हात काळवंडतात, पण ते कातडीबरोबर निघून जातात. हे आतून, पोटात गेलेल्या चांदीनं आलंय. हे जायचं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ — तो दांडा मीच. लाज वाटते.

२३ मार्च
तारा काढून ठेवल्या. आता पेल्यात नुसतं पाणी भरतो. तिला सांगवत नाही. तिची सगळी आशा त्या पेल्यात आहे. गोळ्या आहेतच. काय करायचं ते त्याच करतील.

३० मार्च
ताप. न्हाणीघरापर्यंत चालताना दोनदा बसली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" हो म्हणालो. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून चाळले. मला तर आता कशाचंच काही कळेनासं झालंय.

२ एप्रिल
आज मीच गोळी हातावर ठेवायला गेलो. म्हणाली, "अहो, त्या मी महिन्यापूर्वीच सोडल्या. तुमच्या पाण्यावर भागतंय, उगाच मळमळ कशाला?"
आणि पेला पुढे केला.