आल्या पावली

सोमवार

पोचले एकदाची. जावई स्टँडवर घ्यायला आला होता, माझी पिशवी स्वतः उचलली. म्हणजे गरज त्यांना आहे तर. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खिडक्या मोठ्या. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला, भरपूर उजेडाची. पडदे मळलेत, पण आल्या आल्या बोलले नाही. उद्या बोलेन.

नातू बघितला. गालांनी डोळे झाकलेत इतका गुटगुटीत. मी त्याला पैलवान म्हणते. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा त्याला बघायला यायच्या, असं जावई सांगत होता. जणू यानेच कळा दिल्या.

लेकीला मात्र फाटलंय. खालची शिवण पार मागपर्यंत गेली, आतबाहेर टाके आहेत. मधे भोक असलेली हवेची उशी आणलीय, तिच्यावर ती एका कुल्ल्यावर बसते. लघवीला गेलं की बाटलीने कोमट पाणी सोडत राहायचं, नाहीतर आग आग होते. सकाळ-संध्याकाळ टबात बसायचं. टाके काढायचे नाहीत, आपोआप विरघळतात म्हणे. दोरा काय साखर आहे? असो. रोजचं सगळं लिहून ठेवा असं नर्सने सांगितलंय, म्हणून ही वही. सहावीपर्यंतच शिकले, पण अक्षर नर्सपेक्षा बरं आहे. हात चालतोय तोवर चार ओळी जास्तच लिहीन.

मंगळवार

जावयाने रक्ताच्या चादरी धुण्याच्या यंत्रात गरम पाण्यावर टाकल्या, डाग पक्के बसले. लॉजच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेला, बघवलं नाही. म्हटलं, बापू, बटणं यंत्राला असतात, डोकं आपल्याला दिलंय. हसला बिचारा.

लेक संडासला जायला घाबरते. आत बसून रडत होती, मी दाराबाहेर उभी. म्हणाली, आई, असं वाटतं की सगळं खाली पडेल. म्हटलं, पडलं तर उचलून ठेवू. तू काही जगातली पहिली बाळंतीण नाहीस, आवर. मग तिने हातआरशात बघितलं आणि मटकन खालीच बसली. टाक्यांवर बसली आणि किंचाळली. मी धरून उठवलं तेव्हा मलाही दिसलं. मांस कापसासारखं पिंजलेलं.

तिकडे पैलवानाने भोकाड पसरलेलं. माझं डोकंच फिरलं. पाळण्यावर वाकून त्याला चांगलं सुनावलं. माझ्या पोरीला असं फाडूनच यायचं होतं, तर आल्या पावली परत जा मेल्या.

एकदम गप्प झाला. टक लावून माझ्याकडे बघत राहिला. एवढ्याशा पोरांना नीट दिसत नाही म्हणतात.

गुरुवार

नर्स तपासून गेली. टाके छान भरताहेत म्हणाली. लेक म्हणाली, फार दुखतंय हो. नर्स म्हणाली, सगळ्यांना दुखतं. मीही मान डोलावली.

पैलवान वजनात उतरलाय. पहिले काही दिवस उतरतातच म्हणे. पण दूध पीत नाही त्याचं काय? छातीशी धरला की खाली सरकतो. पोटावरून मांड्यांकडे. हातपाय हलवत नाही, नुसत्या खांद्यांनी सरकतो. जावयाने मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, बघा आई, आत्तापासूनच रांगायला लागला.

शनिवार

पैलवानाचे मोजे पायातून गळून पडतात. टोपी पार हनुवटीपर्यंत येते.

लेकीचं पोट मात्र परत वर आलंय. टबातलं पाणी लाल झालं. बघितलं तर दोन टाके उसवलेले, आणि कडा आत वळलेल्या, पिशवीच्या तोंडासारख्या.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, एखादा टाका सुटतो, पोट बसायला वेळ लागतो, पाण्यात बसवा. जावई म्हणाला, आई, तुम्हीच तिला घाबरवताय. लेक म्हणाली, त्याला माझ्याजवळ द्या, तो जवळ असला की दुखत नाही. दिला.

रविवार

भर दुपारची गोष्ट. चादरी वाळत घालून आत आले. लेक उताणी पडलेली, डोळे मिटलेले, चेहरा सुखात. पैलवान तिच्या मांड्यांमधे.

डोकं दिसत नव्हतं. पाय दिसत होते.

धरून ओढला. ओल्या मातीतून बूट निघताना येतो तसा आवाज आला. लेक ओरडली. दुखलं म्हणून नाही. ओरडली ती, आई, सोड त्याला.

माझंच बोलणं. मीच म्हटलं होतं परत जा. या घरात माझं कोणी ऐकत नाही, आणि ऐकलं ते यानेच.

उराशी धरून सांगितलं त्याला. राहा रे राजा, माझी जीभच अशी आहे, मनात तसं नव्हतं. त्याने जांभई दिली.

सोमवार

त्याला घेऊन स्वयंपाकघरात बसले, आतून कडी. घडी घातलेल्या टॉवेलाएवढा उरलाय. रडत नाही. दाराकडे बघतो.

लेक दारापलीकडे जमिनीवर बसून म्हणत होती, आई, दे गं, फार दुखतंय. जावयाने कडी मोडली. म्हणाला, लेकराला आईपासून तोडता? लाज नाही वाटत? काढून घेतला आणि तिच्याकडे दिला. तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. उद्या माझं तिकीट काढतो म्हणाला.

मी दार बडवलं. हात सुजले—

मंगळवार

पाळणा रिकामा.

जावई सगळं घर उलटंपालटं करून बसला. मग माझ्याकडे बघितलं. काय समजायचं ते समजला. पोलिसांना आणायला गेलाय. बाहेरून कुलूप घालून गेला, म्हातारी पळेल म्हणून.

लेक शांत आहे. पोट तट्ट. शिवण बघितली. टाके नाहीत, व्रण नाही. जणू कधी फाटलंच नव्हतं—

म्हणाली, आई, आता जराही दुखत नाही.

मंगळवार, नंतर

पोटावर हात ठेवून ऐकत बसते. म्हणते, तो सांगतो, आत काहीच दुखत नाही. कुणाला म्हणजे कुणालाच.

मग माझ्याजवळ आली. तू मला एकदाही विचारलं नाहीस, म्हणाली, किती दुखतंय ते. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी थोपटत राहिले—

डोकं माझ्या तळव्यात मावतंय.

गाऊनमधे हात सापडत नाहीत तिचे. पोटासकट लहान होतेय. सरकतेय. खांद्यांनी—

गुडघे घट्ट जुळवलेत. एका हाताने लिहितेय. दुसऱ्याने तिला धरून— बळ फार आहे हिच्यात.

म्हणते, सरक ना गं आई.

अगं, मी म्हातारी, माझ्यात आता कुठे—

पाय उघडले. मी नाही उघडले—

जिन्यात पावलं वाजताहेत. लांब आहेत—

खालून आवाज येतो तिचा. दुखतंय का गं, म्हणून विचारते. आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, हो गं बाई, दुख