बटन कुसुम दाबेल

मी, मोतीराम तुकाराम गोंडाणे, वय एकाहत्तर, कारखान्यातून निवृत्त, राहणार रांझी, जबलपूर, हे पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवतो. माझ्यावर दबाव कोणाचाही नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा आहे.

घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी कुसुम हिची. तिच्यामागे चिरंजीव अच्युतची. तारांना डाख द्यायची माझी कैयाही त्यालाच. गरम टोकाकडून धरू नये. मी धरली आहे.

शेजारी लक्ष्मणराव यांना टीव्हीमागे लावायचा फिल्टर द्यावा. माझ्या वायरलेसमुळे त्यांच्या मालिकेत सासू बोलायची ती माझ्या आवाजात, म्हणून त्यांनी तक्रार केली होती. फिल्टर लावूनही मी ऐकू आलो, तर घरी कळवावे.

आता वायरलेस सेट. तो संगणकावर चालतो. आवाज सुधारावा म्हणून मी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हात घातला आणि सेट मंजूर लहरींचा पट्टा सोडून भलतीकडेच बोलू लागला. लक्ष्मणरावांच्या तक्रारीवर वायरलेस खात्याचे साहेब तपासायला आले. मी त्यांना माझी सुधारणा कौतुकाने उघडून दाखवली. परवाना रद्द झाला. कुसुम म्हणाली, "इतकं चांगलं चालून राहिलं होतं, काहून हात लावला?"

परवान्याशिवाय सेट घरात ठेवता येत नाही. अच्युत म्हणाला, "पापा, जमा कर दो, झंझट खतम." मी जेवण सोडलं. तेव्हा कुसुम वायरलेस परवान्याच्या परीक्षेला बसली. मी शिकवायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही राहू द्या जी, मला पास व्हायचं आहे." झाली. सेट मूळ रूपात आणून तिच्या नावावर केला. तेव्हापासून बटन ती दाबते, चहा मी करतो.

म्हणजे सेट माझा नाहीच; तो देण्याचा मला अधिकार नाही. फक्त एक विनंती आहे. आम्हा हौशी वायरलेसवाल्यांत माणूस गेला की त्याचा परवान्यावरचा नंबर हवेत शेवटचा पुकारतात आणि उत्तराची वाट पाहतात. माझा नंबर सरकारने आधीच काढून घेतला. म्हणून कुसुम, मी गेल्यावर तू बटन दाबून मला नावाने हाक मार. उभ्या जन्मात मारली नाहीस. मला फार ऐकायची होती.

मी उत्तर देणार नाही. एकदा तरी शेवटचा शब्द तुझा राहू दे.

ठिकाण : रांझी, जबलपूर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०१८
सही : मो. तु. गोंडाणे

साक्षीदार :
१. श्यामसुंदर पाटणकर
२. गुणवंत मेश्राम

(लक्ष्मणराव सहीला आले होते. फिल्टर मिळणार असल्याने साक्षीदार म्हणून चालणार नाहीत, असे वकिलांनी म्हटले. चहा पिऊन गेले.)