पिवळ्या पट्ट्यांची वाट

प्रिय आई,

इकडे सगळं ठीक आहे. आजोबा बकरीचं चीज, अक्रोड चवीनं खातात. तुझा गुडघा कसा आहे?

एक सांगते, घाबरू नकोस. चुनखडीच्या कड्यांवरच्या पायवाटांना खुणा रंगवायचं काम अजून आजोबांकडेच आहे. परवा वाटसरू थेट आपल्या स्वयंपाकघरात शिरले. नदीपासूनचे सगळे पिवळे पट्टे आपल्याच दाराशी आणतात!

"असं का रंगवलंत?" मी विचारलं.

"मग मी घरी कसा येऊ गं?"

आज घरातही पट्टे दिसले, पलंगापासून टेबलापर्यंत. तुझ्या लहानपणीच्या खोलीवर मात्र फुली आहे. वाटांच्या खुणांत फुली म्हणजे इकडे वाट नाही.

ती फुली पुसायला माझा हात होत नाही. तूच ये.

वाट बघणारी,
मायलिस