पाहुण्यांसाठी भरलेली काचपेटी

मकसूदभाई,

तुम्ही काचपेटीत कोंबलेले सगळे मासे मी आज तुंगार्लीच्या तलावात सोडले. म्हणजे मी नाही सोडले. मी तिकडे फिरकलोच नाही. बादली आपोआप ओली झाली.

बंगल्याच्या साहेबाने विलायतेला जाताना मला दोनच सोनेरी मासे दिले होते, नवाब आणि बेगम. पोटच्या पोरांसारखे जपले मी. काल तुमची सोयरीक ठरवायला मळवलीची मंडळी येणार, तर तुम्ही म्हणालात, "दोनच? घर कसं भरलेलं दिसायला पाहिजे!" आणि ओढ्यातले घमेलंभर मासे आत ओतलेत. मी ओरडलो, की यांना श्वास पुरणार नाही. तुम्ही हसलात, "पाण्यात कसला रे श्वास?"

पाहुण्यांनी पेटीकडे ढुंकूनही बघितलं नाही, ते भज्यांकडे बघत होते. सकाळी नवाब उताणा तरंगत होता.

बेगम पिण्याच्या माठात आहे. पाणी घेताना आधी आत डोकवा. मी नवाबला पुरायला टेकडीवर गेलोय, जेवायला थांबू नका.

सबब, आपण थोरले भाऊ या पदाचा तात्काळ राजीनामा द्यावा व ती जागा कायमची रिकामी ठेवावी, ही विनंती.

निजाम