फेटा बांधलेला उमेदवार

९ नोव्हेंबर १९७५
जोसेफ पत्र घेऊन आला. हा केनियाचा, विद्यापीठात रसायनाचं एम.एस्सी. करतो, आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्याच्या मुलखातला साखर कारखाना कळवतो : पदवी ठीक, पण एक हंगाम प्रत्यक्ष काम शिकून या, मग नोकरीचं पाहू. आपल्याकडची पोरंही हेच ऐकतात. फरक इतकाच, त्यांना इथं मामा असतात.

१० नोव्हें.
शिंद्यांना भेटलो. जुने स्नेही, नदीपलीकडच्या कारखान्यात चीफ केमिस्ट. "शास्त्रीबुवा, तुमचा माणूस म्हंजे आमचाच की. आणा." चहा निवायच्या आत काम झालं. इतकं सोपं काही झालं की मला शंका येते.

१४ नोव्हें.
हंगामाचा मुहूर्त. परदेशी विद्यार्थी आलाय हे अध्यक्षांच्या कानी गेलं. झालं. जोसेफला फेटा, हार, नारळ. उसाची पहिली मोळीही त्याच्याच हातून टाकली. भाषणात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फार राबला. मी पेपराला सविस्तर बातमी धाडली.

२१ नोव्हें.
राबला तो शब्दच. जोसेफ आठवडाभर नुसता बसून. "काका, खुर्ची देतात, चहा देतात. रस तपासायला उठलो की म्हणतात, पावणं, बसा की."
शिंद्यांना गाठलं. "अवो, अध्यक्षांनी फेटा बांधलेला माणूस. त्याला नळ्या धुवायला सांगू व्हय? दाखला देतो की झकास."
जोसेफ म्हणाला, "दाखला बघून तिकडे पहिल्या दिवशी रस तपासायला देतील. तेव्हा काय करू? फेटा बांधू?"
अतिथी म्हणजे देव, हे शिकलो, पुढे शिकवलंही. देवाला कुणी कामावर घेत नाही, हे लक्षात आलं नव्हतं.

२२ नोव्हें.
सौ.च्या कानावर घातलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "इथं आला तेव्हा मीही चार दिवस ताट हातात देत होते. मग एकदा दळणाचा डबा दिला. तेव्हापासून घरचा झाला. शिंदेभाऊजींना जेवायला बोलवा." जोसेफलाही कटात घेतलं.

२३ नोव्हें.
शिंदे जेवायला. सौ.च्या तोंडाचा पट्टा सुरू : "जोसेफ, भाऊजींना आमटी वाढ. ताटं उचल. आणि नीट घास, काल राख राहिली होती." समतेखातर मला पाणी भरायला लावलं.
शिंद्यांचा घास थांबला. "वैनी, अवो, पावण्याला..."
"पाहुणे तुम्ही. तो घरचाय."
शिंदे हसले नाहीत. हात धुवायला गेले ते तिथंच उभे. जोसेफ ताटं घासतो कशी, बघत राहिले. जाताना एवढंच, "हात सोच्छ हाय."

२५ नोव्हें.
बातमीचं निमित्त काढून कारखान्यावर. लॅबच्या बाहेरच शिंद्यांचा आवाज : "आरं ए जोशा, ही नळी धुतलीस व्हय? का अध्यक्ष येणार हायेत धुवायला?" जोसेफ मान खाली घालून नळी धूत होता. माझ्याकडे बघायला सवड नव्हती.
हंगाम संपायला मार्च उजाडेल. तिकडची जागा तोवर राहते का, कुणास ठाऊक. तिथंही कुणाचे मामा असतीलच.
त्याची खुर्ची रिकामी होती. मी टेकलो. शिंदे वळले, म्हणाले, "पावणं, च्या घेणार न्हवं?"